श्रीमती शेवटची यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती शेवटची सिगारेट,
मु. शर्टाचा डावा खिसा, पो. छाती,
अमरावती (शनिवार-रविवार अकोला).

विषय : आपल्या निरोपसमारंभांचा हिशेब पाठवण्याबाबत.

महोदया,

आमच्या कार्यालयात एखादा बाबू निवृत्त झाला की त्याला शाल-श्रीफळ मिळतं, साहेबांचं भाषण होतं, समोसा-पेढा वाटला जातो, फोटो निघतो. त्यानंतर तो कार्यालयात दिसलाच, तर पेन्शनची फाईल कुठे अडली हे विचारायला आलेला असतो. आपलं तसं नाही. माझ्या एकट्याच्या अंदाजाप्रमाणे आपण किमान चारशे वेळा निवृत्त झालात. दर वेळी मी आपल्याला साग्रसंगीत निरोप दिला. डोळे मिटून अखेरचा झुरका घेतला, थोटूक चपलेखाली नीट चिरडलं, आकाशाकडे पाहून सुस्कारा सोडला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर आपण पुन्हा ड्यूटीवर हजर! राजकारणातून संन्यास जाहीर करणारी मंडळी आम्ही वऱ्हाडात पुष्कळ पाहिली, पण त्यांनाही परत यायला निदान एखादी निवडणूक लागते.

लोक म्हणतील, पत्र लिहायचं तर कंपनीला लिहा, सरकारला लिहा, रोजच्या सिगारेटला लिहा. पण रोजच्या सिगारेटबद्दल माझी तक्रार नाही. ती उघड वैरी. 2016 च्या एप्रिलपासून तिच्या पाकिटाचा 85 टक्के भाग इशाऱ्याने आणि सडलेल्या अवयवांच्या चित्रांनी व्यापलेला आहे. 'मी मारणार' असं एवढ्या ठळक अक्षरांत सांगून मारणारा वैरी आजकाल मिळतो कुठे? आपण मात्र मदतीला येता. 'सोडायचंय ना? सोडू की. ही एक झाली की सोडूच,' असं म्हणत खांद्यावर हात ठेवता. रोजची सिगारेट माझ्या सवयीवर जगत होती. आपण माझ्या सोडण्याच्या इच्छेवर जगलात. इच्छा जितकी मोठी, तितका आपला निरोप थाटाचा. चोर चोरी करतो हे समजू शकतं. पण कुलूप विकायला येऊन चोरी करणारा चोर म्हणजे आपण.

आपली-माझी ओळख 2000 सालची. अकोल्यात शिकायला होतो. होस्टेलच्या गच्चीवर एका मित्राने पहिली पेटवून दिली आणि खोकून खोकून जीव अर्धा झाल्यावर मी जाहीर केलं, ''आपल्याले नाई जमत बाप्पा, हे पयली आन् हेच शेवटची.'' म्हणजे पहिल्याच दिवशी आपण हजर होतात. पहिलीच्या पोटातच आपला जन्म झाला, हे मला फार उशिरा कळलं.

त्यानंतरचं आपलं पंचांग मी डोळ्यांपुढे ठेवलं आहे. गुढीपाडव्याला आपण, कारण नवं वर्ष. 1 जानेवारीला आपण, कारण तेही नवं वर्ष. दसऱ्याला आपट्याची पानं खिशात घालताना त्याच खिशातून आपण बाहेर. नवरात्रात अंबादेवीच्या दर्शनाला जाण्याआधी राजकमल चौकातल्या पानठेल्यावर आपण, आणि दर्शन घेऊन आल्यावर, शपथ घेतल्याच्या आनंदात, पुन्हा आपण. मुलीच्या दहावीच्या निकालाला आपण. वडिलांच्या तेराव्याला आपण. आणि 31 मेला तर आपला सरकारी उत्सवच, जागतिक तंबाखूविरोधी दिन! ज्या अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या खाली उतरायला लाजतो, जिथे कुत्रीही दुपारी नालीत बसून राहतात, तिथे भर दुपारी टीनाच्या पत्र्याखाली उभं राहून मी तोंडाशी विस्तव धरत होतो आणि वर म्हणत होतो, ''डोकं थंड होते जरा.''

आता हिशेब. दिवसाला आठ, वर्षाला 2,920, बावीस वर्षांत 64,240. एक सिगारेट सुमारे सात सेंटीमीटर. एकीपुढे एक मांडल्या तर राजकमल चौकातून निघून बडनेऱ्याच्या साधारण निम्म्या वाटेपर्यंत जातील. बावीस वर्षं रोज आठ वेळा दम खर्च केला आणि बडनेरासुद्धा गाठलं नाही. तिथे पोचलो असतो तर निदान मुंबईची गाडी तरी मिळाली असती.

या हिशेबातली एक बारीक नोंद खास आपल्यासाठी. रोजच्या सिगारेटसाठी मी पाकीट घ्यायचो. आपल्यासाठी कधीच नाही. शेवटची म्हटल्यावर पाकीट कसं घेणार? एकच घ्यायची, सुटी, ठेल्यावरच पेटवायची. सुटी घेतली की पाकिटावरचं ते सडलेलं फुप्फुस पाहावं लागत नाही, ही त्यातली आणखी एक सोय. महाराष्ट्र सरकारने 2020 च्या सप्टेंबरात सुट्या सिगारेट-बिड्या विकायला बंदी घातली. माझ्या मते तो आदेश नाव न घेता आपल्याविरुद्धच काढला होता. ठेलेवाल्यांनी तो किती पाळला हे ठेल्यावरचे लोक जाणतातच. आमचा ठेलेवाला तर फार समंजस. मी एकच मागितली की विचारायचा, ''आज कोनती भाऊ, रोजची का शेवटची?'' शेवटची म्हटलं की माचिस फुकट.

आपल्या दरबारात सल्लागारही थोर. एक म्हणायचे, ''एकदम सोडू नये. शरीराले झटका बसते. हळूहळू कमी करत जा.'' हे ऐकून मी आठावरून सातावर आलो, सातावरून सहावर, आणि सहावर आल्याच्या समाधानात दहावर. 2016 साली इंग्लंडमधल्या 697 जणांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. काहींनी ठरल्या दिवशी एकदम सोडली, काहींनी दोन आठवड्यांत कमी करत आणली. चार आठवड्यांनी पाहिलं तर एकदम सोडणाऱ्यांतले 49 टक्के टिकले होते आणि हळूहळूवाल्यांतले 39. झटका बसतो तो बहुधा सल्लागाराला. त्याचा जोडीदार जातो ना!

दुसरे सल्लागार धार्मिक. ''शेगावच्या महाराजांच्या हातात नाई का चिलीम?'' असं म्हणून ते धूर सोडायचे. अहो, पोथी सांगते की महाराजांची चिलीम विस्तवाशिवाय पेटली होती. तुम्ही अर्धा तास या-त्याला माचिस मागत हिंडता. ज्या दिवशी तुमची नुसती काडी धरून पेटेल, त्या दिवशी मीच तुमच्या पाया पडायला येईन.

तिसरे सल्लागार आपल्या धाकट्या बहिणीचे वकील. ''सिगारेट सोड ना बे, खर्रा घोटून घे.'' सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटून गालात भरला की धूर नाही, वास कमी, साहेबांसमोरही चालतो. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर काढणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले आणि बिनधुराचा तंबाखू खाणारे 24.4 टक्के. आकडा वाचून कुणालाही वाटेल की हे राज्य किती निर्व्यसनी, कुठे धूरच दिसत नाही! धूर दिसत नाही कारण तोंड भरलेलं आहे. 2012 साली गुटख्यावर बंदी आली, पण खर्ऱ्याला कारखाना कुठे लागतो? ठेलेवाल्याचे दोन तळवे पुरतात. शेवटची सिगारेट ओढून पहिला खर्रा धरणाऱ्यांनी आपल्याला निरोप दिला नाही, फक्त आपली बदली केली.

एवढी मंडळी आपल्या मागे असताना माझ्यासारख्याचा काय निभाव लागणार? त्यात आपली चव. खोटं कशाला बोलू, रोजच्या आठांत आपल्यासारखी एकही लागायची नाही. पुढे याचंही गणित वाचलं. झुरका घेतला की निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि रक्तातलं त्याचं प्रमाण दर दोन तासांनी साधारण निम्मं होत जातं. ते उतरलं की चिडचिड, अस्वस्थता, कामात लक्ष नाही. मग पुन्हा झुरका, पुन्हा शांत. म्हणजे जी शांती मी विकत घेत होतो ती मुळात माझीच होती; दोन तासांपूर्वी आपल्याच घराण्यातल्या कुणीतरी नेलेली. आमच्याकडे जुने सावकार असेच होते. शेतकऱ्याचीच जमीन गहाण ठेवून घ्यायचे, त्यालाच ती बटाईने कसायला द्यायचे, आणि वर उपकार सांगायचे. आपण तर त्यातही पुढे. आपण सावकाराच्या वहीतली ती ओळ, 'आज पूर्ण फेड झाली', जिच्याखाली रोज नवं कर्ज लिहिलं जायचं.

यात मी एकटाच मूर्ख नाही, हा एक दिलासा. इतालो स्वेव्हो नावाचा इटालियन कादंबरीकार आपल्याला पुरता ओळखून होता. 1923 साली आलेल्या त्याच्या कादंबरीचा नायक झेनो आयुष्यभर आपल्या तारखा लिहून ठेवतो. पुस्तकांवर, भिंतीवर, जिथे जागा मिळेल तिथे. आकडे दिसायला सुंदर असले की त्या मुहूर्तावर शेवटची. खुद्द स्वेव्होही तसाच होता. 1928 साली मोटारीच्या अपघातानंतर मरणाच्या दारात असताना त्याने एक सिगारेट मागितली, ती त्याला मिळाली नाही, तेव्हा तो म्हणाला की ही मात्र खरोखर शेवटची झाली असती, असं सांगतात. बघा, आयुष्यात एकदाच आपण खऱ्या होणार होतात, आणि नेमक्या तेव्हाच आपण आला नाहीत.

आपल्याला एकाच माणसाने एका दमात हरवल्याचं मला माहीत आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेग नावाचा सरदार विजापूरहून तंबाखू आणि नक्षीदार चिलीम घेऊन अकबराच्या दरबारात गेला. अकबराने दोन-चार झुरके घेतले. हकीम आडवा आला, दरबारात वाद झाला. सरदारांनी पुढे तंबाखू उचलून धरला, बादशहाने मात्र सवय लावून घेतली नाही. त्याची पहिली तीच शेवटची. पण त्यासाठी हिंदुस्थानचं तख्त लागत असेल, तर आम्ही काय करावं? आमच्याकडे स्कूटीसुद्धा हप्त्यावर आहे.

मग मी त्या गोष्टीच्या शोधात निघालो, जिच्या नावाने आपण मला इतकी वर्षं थांबवून ठेवलं. प्रेरणा. आपणच सांगितलंत की आधी ती आली पाहिजे. आतून आली पाहिजे. मी वाट पाहिली. मोबाईलवर काळ्याठिक्कर फुप्फुसांचे व्हिडिओ पाहिले आणि एवढा घाबरलो, की घाबरणं घालवायला एक पेटवली. एका शिबिरात व्याख्यात्याने सगळ्यांना उभं करून 'मी करू शकतो' असं तीनदा म्हणायला लावलं. मधल्या सुट्टीत तो व्याख्याता आणि मी एकाच माचिसवर पेटवत होतो. प्रेरणा दर वेळी आली. पाहुण्यासारखी आली, चहा प्याली, गेली. तिला सोडायला कोपऱ्यापर्यंत जावं लागलं, आणि कोपऱ्यावर पानठेला होता.

आता खरा प्रसंग सांगतो, म्हणजे आपल्याला कळेल की आपण कुठे चुकलात.

2022 च्या जूनचा पहिला आठवडा. अकोल्याला आईकडे जाऊन एस.टी.ने अमरावतीला परत येत होतो. पिशवीत आईने दिलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. मूर्तिजापूरला गाडी थांबली. कंडक्टर म्हणाला, ''पाच मिनटं हायेत.'' मी उतरलो. ठेल्यावर जाऊन आपल्याला मागितलं, नेहमीसारखंच नाव घेऊन. दोन झुरके झाले असतील, तेवढ्यात गाडी हलली. मी ओरडलो, धावलो. पन्नास-साठ पावलं गेलो असेन, आणि छाती अशी भरून आली की गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलो. वय बेचाळीस. रोडगे पुढे चालले होते, मी मागे, आणि आपण अजून माझ्या बोटांत जळत होतात.

एक ऑटो केला. दोन-तीन किलोमीटरवर बस दिसली, उभी होती. पुढे रस्त्याचं काम सुरू असल्याने गाड्यांची रांग लागली होती. हाच तो महामार्ग, जिथे त्या आठवड्यात 75 किलोमीटर लांबीची डांबरी लेन सलग 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज बुकात नोंद झाली. जागतिक विक्रमासाठी न थांबता होत असलेल्या रस्त्यावर माझी बस थांबली, म्हणून मला सापडली. मी घामाघूम होऊन चढलो. कंडक्टरने मान वर न करता विचारलं, ''बसा भाऊ. झाली का शेवटची?'' त्याला कसं कळलं? ठेल्यावर मी मोठ्याने म्हटलं असणार. अख्खी गाडी हसली. एका म्हातारीने तर पदर तोंडाला लावला.

बस्स, एवढंच. डॉक्टरने काही सांगितलं नाही, स्वप्नात कुणी आलं नाही, मुलगी रडली नाही. एक गाडी हसली. मी जागेवर बसलो, पिशवी मांडीवर घेतली. बडनेऱ्याला गाडी पुन्हा थांबली. मी उतरलो नाही. अमरावतीला घरी पोचेपर्यंत ओढली नाही. रात्री जेवल्यावर ओढली नाही. शपथ घेतली नाही, कुणाला सांगितलं नाही, आणि मुख्य म्हणजे शेवटची ओढली नाही. अर्धवट जळलेली आपण मूर्तिजापूरच्या रस्त्यावर कुठे पडलात, हेसुद्धा पाहिलं नाही. चारशे समारंभ झाले. हा एकच निरोप समारंभाविना झाला.

पुढे वाचनात आलं की हे वेडेपण फक्त माझंच नाही. 2006 साली रॉबर्ट वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने इंग्लंडमधल्या सोडण्याच्या प्रयत्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळपास निम्मे प्रयत्न आधी काहीही न ठरवता, मनात आलं त्या क्षणी झालेले होते. आणि मुहूर्त काढून केलेल्या प्रयत्नांपेक्षा हे बिनमुहूर्ताचे प्रयत्न सहा महिने टिकण्याचं प्रमाण जास्त होतं. महोदया, मुहूर्त हाच आपला धंदा. मुहूर्त गेला की आपल्या पोटावर पाय.

खरं तर आमच्या शेतकऱ्याला हे कधीपासून माहीत आहे. मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबायचं की कोरड्या मातीतच सरकी टोबून द्यायची, हा प्रश्न वऱ्हाडात दर जूनला पडतो. जो टोबतो, तो धूळपेरणी करतो. ढग पाहून नव्हे, पाऊस येईल या हिशेबाने. आला तर त्याचं पीक पंधरा दिवस पुढे. प्रेरणेचंही तसंच निघालं. तिची वाट पाहत बसलो तर जमीन पडीक राहते. आधी टोबायचं, ती मागून येते. मला ती आली, पण बडनेऱ्याला उतरलो नाही त्यानंतर; आधी नाही.

पहिले तीन दिवस मात्र आपल्या घराण्याने सूड घेतला. निकोटिन बंद झाल्यावरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत ओसरत जातो, हे पुस्तकात एका ओळीत आहे. घरात ते असं दिसलं : मी शेजाऱ्याच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून भांडायला गेलो, पंख्याशी बोललो, टीव्हीच्या रिमोटला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, ''अहो, तुम्ही ओढा ते परवडलं, पण बोलू नका.'' मी पेपर उघडला, त्यात तो रस्त्याचा विक्रम. मनात म्हटलं, हे लोक अकोल्याच्या जूनमध्ये, उकळत्या डांबराजवळ, 105 तास थांबले नाहीत. मला 72 तास काहीच करायचं नाहीये. आयुष्यात 'काहीच न करणं' हे इतकं कष्टाचं काम मला कधी मिळालं नव्हतं, आणि मी तर सरकारी नोकरीत.

मदत घेतली, लपवत नाही. इच्छाशक्तीच्या गप्पा मारणारे बहुतेक ठेल्यावर उभे असतात. मी निकोटिनचा गम घेतला. डॉक्टरांनी बजावलं की हा च्युइंगमसारखा सारखा चघळायचा नाही. थोडा चावायचा, जिभेला चुणचुण लागली की गालात ठेवून द्यायचा. वऱ्हाडातल्या माणसाला गालात ठेवायचं वेगळं शिक्षण लागत नाही. खर्ऱ्याच्या पिढ्यांनी एवढी तरी विद्या आमच्या हवाली केली. तलफ आली की ती चार-पाच मिनिटं टिकते; तेवढ्यात एक पेला पाणी, अंगणात दोन फेऱ्या, थोडी बडीशेप. मग ती जाते. न पुरवता जाते, हे मला बावीस वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. आपण तर नाहीच.

''आता या वयात काय उपयोग?'' हे आपलं शेवटचं हत्यार. त्याचंही उत्तर आहे. रिचर्ड डॉल यांनी 1951 पासून ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं पाठपुरावा केला आणि 2004 मध्ये आकडे मांडले. सिगारेट ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं आधी जातात. तिशीत सोडली तर जवळपास ती दहाही वाचतात. चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. माझ्या वाट्याला साधारण नऊ आली. तेवढ्यात कदाचित माझी पेन्शनची फाईलही हलेल.

पण महोदया, आपलं कौतुक केलंच पाहिजे. आपण परत आलात. अडीच महिन्यांनी, पोळ्याला. गावी बैल सजवले, झडत्या झाल्या, मित्रांच्या बैठकीत कुणीतरी पाकीट पुढे केलं. ''एकच तं आहे, सणाची.'' आपण या वेळी नाव बदलून आलात, 'एकच'. मी घेतली. दोन झुरक्यांत डोकं गरगरलं आणि समोर पाहिलं तर आमचा म्हातारा बैल, झूल पांघरून, गळ्यात घुंगरू, शांतपणे रवंथ करत होता. त्याला वर्षातून एक दिवस जू मानेवरून उतरण्याची सुट्टी, आणि उद्या ते कुणीतरी पुन्हा ठेवणार, त्याला विचारणार नाही. मला अडीच महिने जू नव्हतं, आणि मी स्वतः वाकून मान पुढे केली होती. बैलाला बैल म्हणायचा मला काय अधिकार!

आधीचा मी असतो तर दुसऱ्या दिवशी जाहीर केलं असतं, की गेलं सगळं वाया, आता दिवाळीपर्यंत ओढू, मग शेवटची. पण धूळपेरणी करणाऱ्याला दुबार पेरणी माहीत असते. पाऊस दगा देतो, अंकुर जळतात; तो शिव्या देतो, पुन्हा सरकी आणतो, पुन्हा टोबतो. आपलं शेत विकून टाकत नाही. मी ती पोळ्याची सिगारेट अर्ध्यातच टाकली, आणि तान्ह्या पोळ्याला शेजारच्या पोरांचे लाकडी बैल पाहायला गेलो, खिसा रिकामा ठेवून.

आमच्या जिल्ह्याचे गाडगेबाबा तरुणपणी मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण द्यायला तयार झाले नाहीत. त्यांनी गोड जेवण दिलं. 'आज शेवटची घेऊ, पुढच्या बारशापासून बंद,' असं म्हटलं नाही. वडील दारूनेच गेले होते, शपथा घरात पुष्कळ ऐकल्या असतील. बारसं आज होतं, म्हणून लाडू आज. एवढ्या साध्या हिशेबापुढे आपलं सगळं वतन बुडतं.

तर हा हिशेब. आता आपल्या पदाबद्दल. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर पडलेली ती शेवटची होती का? नव्हती, पोळा मध्ये आला. मग पोळ्याची अर्धी शेवटची का? मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते जाणून घ्यायचं नाही. शेवटची कोणती, हे मी गेल्यावर मोजणाऱ्यांनी मोजावं. तोवर 'शेवटची' हे पद आमच्या घरी रिक्त ठेवलं आहे. भरायचं नाही, जाहिरात काढायची नाही, प्रभारीही नेमायचं नाही. सरकारी नोकरीत एवढं तर मी शिकलोच आहे, की पद रिक्त ठेवण्याइतकं पक्कं काम दुसरं नाही.

आपला नसलेला,
एक माजी गिऱ्हाईक, अमरावती

ता. क. : आमच्या ठेल्यावर परवा आपले काही जुने आश्रित भेटले. दिवाळीपासून सोडणार आहेत म्हणे; आपल्याला मोठा निरोप द्यायचा बेत आहे. मी त्यांना उपदेश केला नाही, फक्त त्यांच्या हातातलं पाकीट उलटं करून दाखवलं. 2018 च्या सप्टेंबरपासून त्यावर 1800-11-2356 हा फुकटात लागणारा क्रमांक छापलेला असतो, आणि त्याच्या आधीच्या सूचनेत एक शब्द. तो शब्द 'दिवाळीपासून' असा नाही. 'आजच' असा आहे. त्यांच्यातला एक बराच वेळ त्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, ''हे एवढी पेऊन घेतो, मंग लावतो फोन.'' आपल्याला शुभेच्छा. ठेलेवाल्याने माचिस फुकट दिली.